होमस्कूलिंगच्या मुलांसाठी सहावी ते दहावीचे वर्ग: पुण्यातल्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातल्या नऊ कुटुंबांचं आहे. त्यांची मुलं शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. जून २०२२ मध्ये या कुटुंबांनी मिळून मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचे वर्ग सुरू केले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांना परीक्षा आणि प्रवेशाच्या कामात मी मदत करते. या गटाच्या बहुतेक बैठकांना मी हजर होते, हिशोबाची आणि हजेरीची वहीही मला पाहता आली.

पार्श्वभूमी

नऊ कुटुंबांत मिळून बारा मुलं होती, दहा ते चौदा वर्षांची. काही मुलांनी शाळेचं तोंडच पाहिलेलं नव्हतं. काही कोविडच्या टाळेबंदीत घरी आली आणि शाळा उघडल्यावर परत गेली नाहीत. एका मुलीला वर्गातल्या चिडवाचिडवीमुळे पाचवीतच काढून घ्यावं लागलं होतं. पालकांत आयटीतली माणसं होती, एक फिजिओथेरपिस्ट होती, मुळशीकडे शेती करणारं एक जोडपं होतं. पाच घरांत मराठी बोलली जायची, बाकीच्यांत मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ.

पाचवीपर्यंतचं शिक्षण या सगळ्यांनी छान निभावलं होतं. घरातले हिशोब, स्वयंपाकातली मापं, गडांवरच्या भटकंत्या, भरपूर वाचन, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी. या मुलांना प्रश्न विचारायची भीती नव्हती. वर्गात शिकवलेल्या कुणालाही ते पहिल्याच दिवशी जाणवलं असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण पुढचा एक मोठा निर्णय तिच्यावर उभा आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. कलम १० प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगला कायद्यात नाव घेऊन मान्यता नाही आणि नाव घेऊन मनाईही नाही. सगळी कुटुंबं या मोकळ्या जागेतच राहत होती.

अडचण

सुरुवातीच्या बैठकीत सगळे एकच वाक्य बोलत होते: "आता क्लास हवा." नीट ऐकलं तर त्यामागे तीन वेगळ्या गरजा होत्या.

चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला दहावीची काळजी होती. प्रयोगशाळा नाही, प्रात्यक्षिक परीक्षा कशी देणार? अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबांना परीक्षेशी देणंघेणं नव्हतं, पण मुलगा एकटा पडत चालला होता आणि आठवड्यातून दोनदा तरी त्याच्या वयाच्या मुलांत त्याने बसावं असं त्यांना वाटत होतं. तिसरी गरज पालकांनी सांगितलीच नाही, ती मुलांकडून कळली. तेरा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, "आई वही तपासते तेव्हा आमचं भांडण होतं. दुसऱ्या कुणीतरी तपासावी."

सहावी-सातवीचं वय घरच्या शिक्षणात सगळ्यांत अवघड असतं, हे माझं बऱ्याच घरांत पाहिल्यानंतरचं मत आहे. ऋण संख्या आणि बीजगणित इथेच सुरू होतं. पालकाला ते आठवत असतं, पण का तसं असतं ते सांगता येत नाही. आणि मूल नेमकं याच वयात आईबाबांपासून थोडं अंतर मागत असतं. दोन्ही एकदम आलं की गणिताची वही हे घरातलं रोजचं भांडण होऊन बसतं.

समोर असलेले पर्याय

शाळेत परत पाठवणं हा पहिला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. दोन कुटुंबं याचा गंभीरपणे विचार करत होती.

दुसरा पर्याय राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून. त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो, आणि निम्म्या मुलांकडे कुठल्याच शाळेचा कागद नव्हता. राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं, तिथून वाट काढता आली असती, पण आणखी एक परीक्षा वाढली असती.

केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, एका घराला आवडली होती. खाजगी उमेदवाराला तिथे विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी पेपर देता येतो, त्यामुळे प्रयोगशाळेचा प्रश्न सुटतो. पण प्रत्येक विषयाची फी ऐकल्यावर बाकीचे गप्प झाले.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बहुतेकांच्या मनात आधीपासून होती. दहावीला किमान वय चौदा, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी, विषय सुटे सुटे देता येतात, मराठी माध्यमही आहे, आणि प्रादेशिक केंद्र पुण्यातच. त्यासाठीचे व्यावसायिक क्लास त्यांनी पाहून घेतले. तिथे मुख्यतः दहावी नापास झालेली मुलं आणि खेळाडू येतात, चार-पाच महिन्यांत पोर्शन उरकतात. त्यांच्यासाठी ते ठीक आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला तिथे बसवण्यात अर्थ नव्हता.

दोन मुलांनी ऑनलाइन वर्ग करून पाहिले. एकाला आवडले. दुसऱ्याचा कॅमेरा तिसऱ्या आठवड्यापासून बंदच असायचा.

उरला स्वतःचा वर्ग.

पहिला निर्णय: वर्ग की शाळा

दोन पालकांना पूर्ण पाच दिवसांचं केंद्र हवं होतं. नाव द्यायचं, वेळापत्रक, डबा, सगळं. उत्साह खरा होता. पण शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यता नसलेली शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि तरीही चालू ठेवली तर दर दिवशी दहा हजारांपर्यंत. रोज, दिवसभर, सगळे विषय, फी घेऊन शिकवणाऱ्या ठिकाणाला कुणी शाळा म्हटलं तर वाद घालायला फारसं काही हाती राहत नाही. त्यामुळे ठरलं: आठवड्यातून दोन दिवस, दोन विषय, पाटी नाही, दाखला नाही, प्रगतिपुस्तक नाही. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घरचीच राहील, हे सगळ्यांनी लिहून दिलं.

(जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा गटात पुन्हा घबराट झाली. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं आहे. पण त्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. बारा मुलांच्या वर्गाचा त्याच्याशी संबंध नव्हता.)

या निर्णयाचा शैक्षणिक फायदाही झाला. दोनच दिवस असल्यामुळे मुलांचं बाकीचं शिकणं घरी आणि बाहेर चालू राहिलं, वर्गाने ते गिळलं नाही.

काय केलं: पहिले सहा महिने

शिकवायला मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई मिळाल्या. गणितासाठी एमएस्सी करणारा एक दादा. जागा एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते एक. फी दर मुलामागे महिना दोन हजार. शेती करणाऱ्या कुटुंबाने निम्मी द्यायची आणि वरचा भार बाकीच्यांनी उचलायचा, हे एका बैठकीत न कुरकुरता ठरलं.

बारा मुलं एकत्र बसवली. शाळेसारखे वयाचे कप्पे नकोत, ही पालकांची मनापासूनची भूमिका होती. विज्ञानात ते जमलंही. लाल कोबी आणि जास्वंदीच्या रसाने लिंबू, खायचा सोडा, साबण तपासताना दहा वर्षांचा आणि चौदा वर्षांची एकाच टेबलावर रमली. गणितात मात्र बिघडलं.

एक तास मी बसून पाहिला. फळ्यावर २(क्ष − ३) = १० होतं. अकरा वर्षांच्या मुलाने अंदाजाने "आठ!" म्हणून सांगितलं, बरोबर. चौदा वर्षांची मुलगी पायऱ्या लिहीत होती, तिचं अजून व्हायचं होतं. पुढचं उदाहरण −२(क्ष − ३) = १०. आता अंदाज चालेना, छोटा गप्प. मोठीने कंस सोडवताना −२क्ष − ६ लिहिलं आणि उत्तर −८ काढलं. दादाने चूक दाखवली, −२ गुणिले −३ म्हणजे +६, म्हणून क्ष = −२. तिने वही मिटली. एका छोट्यासमोर मागच्या उदाहरणात मागे पडणं आणि या उदाहरणात चुकणं, दोन्ही तिला लागलं होतं. छोट्यालाही काही मिळालं नव्हतं, कारण समीकरण का सोडवायचं हा त्याचा प्रश्नच अजून तयार झाला नव्हता.

हजेरीच्या वहीत ते लगेच दिसलं. नोव्हेंबरपासून मोठी पाच मुलं शुक्रवारी गळायला लागली. कारणं प्रत्येकाची वेगळी, दिवस तोच, गणिताचा.

दुसरा निर्णय: गट फोडायचा का

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्यावर तीन बैठका खर्ची पडल्या.

एका बाजूचं म्हणणं असं: मुलं एकत्र राहावीत म्हणून आपण शाळा सोडली, आता पुन्हा इयत्ता पाडायच्या का? दुसऱ्या बाजूला चौदा वर्षांच्या मुलीची आई होती. दीड वर्षात परीक्षा, आणि मुलगी वर्गातून रडवेली येते. मधला मार्ग बाईंनी सुचवला. त्या म्हणाल्या, "वयाने नका फोडू. काय येतं त्याने फोडा, आणि कशासाठी बसायचंय ते प्रत्येकाला विचारा."

म्हणून आधी पडताळणी झाली. अपूर्णांक, ऋण संख्या, कंस, क्षेत्रफळ आणि एक शाब्दिक उदाहरण, तोंडी आणि लेखी, प्रत्येकाशी स्वतंत्र अर्धा तास. निकाल मजेशीर निघाला. बारा वर्षांचा एक जण मोठ्यांच्या तोडीचा होता. तेरा वर्षांच्या एकीला अपूर्णांकांची बेरीजच जमत नव्हती, आणि हे तिच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. मग तिलाच विचारलं. तिला सहा महिने छोट्यांबरोबर पाया पक्का करायचा होता, फक्त तिला "मागे टाकलं" असं कुणी म्हणू नये. तिने तो काळ मागितला म्हणून तो तिला जड गेला नाही.

जानेवारी २०२३ पासून दोन वर्ग झाले, आणि त्यांच्याशी केलेले करारही वेगळे.

लहान गटात परीक्षा नाही. वही घरी तपासायची नाही, ती शिक्षकच तपासतील. मूल आलं नाही तर चालेल, पण आलं तर दिलेलं काम करून यायचं. मोठ्या गटात एनआयओएसची एप्रिल २०२४ ची परीक्षा हे लक्ष्य, हजेरी सक्तीची, दर महिन्याला वेळ लावून लेखी सराव. मोठ्या गटात राहायचं की नाही हे मुलाने स्वतः सांगायचं. एका मुलाने नको म्हटलं. त्याला मोठं मैदान आणि टीम हवी होती. जून २०२३ मध्ये तो शाळेत नववीत गेला आणि तिथे रमला. या गटाने ते अपयश मानलं नाही, त्याच्या वाढदिवसाला सगळे गेले.

विज्ञान आठवड्यातून एकदा दोन्ही गटांचं एकत्रच राहिलं. ते फोडू नये असं माझंही मत होतं.

तिसरा निर्णय: प्रयोगशाळा

क्लबहाउसमध्ये स्पिरिटचा दिवा पेटवायला सोसायटीने नकार दिला, आणि त्यांचं चुकलं नाही. प्रयोगाचं सामान विकत घेऊन कुणाच्या गच्चीवर मांडायचं असाही विचार झाला. शेवटी बाईंच्या ओळखीने एका लहान मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी रविवारी सकाळी प्रयोगशाळा उघडून द्यायचं कबूल केलं. प्रयोगशाळा परिचराचा मेहनताना आणि फुटलेल्या काचसामानाचा खर्च गटाने द्यायचा.

मोठ्या गटाची चार मुलं तिथे गेली. कांद्याचा पापुद्रा काढून सॅफ्रानिनने रंगवायचा, वर कव्हर स्लिप अलगद टेकवायची. पहिल्या खेपेला सगळ्यांच्या स्लाइडवर हवेचे बुडबुडे, आणि एकाला ते बुडबुडे पेशीच वाटले. बहिर्वक्र भिंगाने खिडकीबाहेरच्या इमारतीची उलटी प्रतिमा कागदावर घेऊन नाभीय अंतर मोजायचं. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एका मुलीने अ‍ॅमीटर रोधाला समांतर जोडला. काटा टोकाला जाऊन आपटला, तारा गरम झाल्या. बाईंनी आधी सेल काढले आणि मग ओरडण्याऐवजी विचारलं, "सगळा प्रवाह कुठून गेला असेल?" तिने परिपथ काढून दाखवला. त्या दिवसानंतर अ‍ॅमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर समांतर हे कुणाला पाठ करावं लागलं नाही.

या मुलांनी विज्ञान भरपूर वाचलं होतं, पाहिलं होतं, टाकाऊ वस्तूंतून केलंही होतं. उपकरण हातात धरून वाचन (रीडिंग) घेणं आणि ते तक्त्यात लिहिणं हे मात्र त्यांना पूर्ण नवीन होतं. घरी ते होत नाही, ऑनलाइनही होत नाही. नववी-दहावीच्या वयाच्या मुलांसाठी वर्ग काढणाऱ्या कुठल्याही गटाने पैसे आधी इथे घालावेत, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

चौथा निर्णय: पाच विषय एकदम की सुटे

चौघांनी मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान हे चार विषय घेतले. पाचवा ज्याच्या त्याच्या आवडीचा: दोघांनी चित्रकला, एकाने गृहविज्ञान, एकीने डेटा एन्ट्री ऑपरेशन्स. दोघांनी मराठी माध्यम निवडलं. टीएमए, म्हणजे घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण असतात, आणि ते वेळेत जमा करायचं काम पालकांनी आपापसांत वाटून घेतलं. इथे एक स्वाध्याय शेवटच्या दिवशी रात्री अपलोड झाला. वर्गात शिकवण्याइतकंच हे कारकुनी काम मोठं असतं आणि ते कुणा एकाच्या नावावर असलं पाहिजे.

गणितात कच्ची असलेली मुलगी, तीच जिने सहा महिने मागितले होते, तिने एप्रिलला तीनच विषय द्यायचे ठरवले. गणित आणि विज्ञान ऑक्टोबरला. वडिलांना पटत नव्हतं, इतर तिघं पुढे जातील असं त्यांना वाटत होतं. दोन सत्रांत विषय वाटून देणं हे एनआयओएसमध्ये नेहमीचं आहे, आणि तिच्या गुणांकडे पाहता तेच शहाणपणाचं होतं.

निष्पत्ती

मार्च २०२४ मध्ये प्रात्यक्षिकं झाली. परीक्षकाने विचारलेल्या तोंडी प्रश्नांना मुलं मोकळेपणाने बोलली. एप्रिल-मेच्या लेखी परीक्षेत पाचही विषय दिलेल्या तिघांपैकी दोघं सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली. तिसरा गणितात राहिला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसला आणि सुटला. तीन विषय देणारी मुलगी तिन्हींत उत्तीर्ण झाली, ऑक्टोबरमध्ये उरलेले दोन्हीही झाले. तिचे गणिताचे गुण चौघांत दुसऱ्या क्रमांकाचे आहेत.

तिसऱ्याच्या गणिताचं कारण वर्गातच होतं. त्याला तोंडी सगळं यायचं, तीन तास लिहीत बसायची सवय नव्हती. महिन्याच्या सरावाला तो तासाभरात उठायचा आणि त्याला कुणी थांबवलं नाही, कारण त्याची उत्तरं बरोबर असायची.

लहान गट आता सात मुलांचा आहे. त्यातली काही आपण होऊन पीएमपीच्या बसने येतात. अकरा वर्षांचा तो मुलगा आता तेरा वर्षांचा झाला आहे आणि नव्या मुलांना समीकरण शिकवताना "आधी अंदाज करा, मग माझ्याकडे या" असं सांगतो.

वेगळं काय करता आलं असतं

पडताळणी सहा महिने उशिरा झाली. ती पहिल्या आठवड्यात झाली असती तर मोठ्यांची शुक्रवारची गळती आणि समीकरणाच्या तासाला वही मिटणाऱ्या त्या मुलीचा अपमान दोन्ही टळलं असतं. पालकांना मुलाचा नेमका स्तर माहीत असतो, हे गृहीत धरलं गेलं. प्रेमाने रोज पाहणाऱ्या माणसाला उणीव दिसत नाही, म्हणून ही पडताळणी बाहेरच्या माणसाने करावी.

लेखी सरावाला पूर्ण वेळ बसणं सुरुवातीपासून बंधनकारक असायला हवं होतं. घरी शिकणाऱ्या मुलाला ही सवय आपोआप लागत नाही, आणि बुद्धी चांगली असली तर तिची उणीव आणखी उशिरा कळते.

बाईंवर फार भार पडला. दोन गट, प्रयोगशाळेचे रविवार आणि वह्या सगळं त्यांच्याकडे होतं. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांनी तीन महिन्यांची सुट्टी मागितली, तेव्हा पर्याय तयार नव्हता आणि लहान गट जवळजवळ बंद पडला. आता विज्ञानाला दोन शिक्षक आहेत, वह्या तपासायचं काम दोघांत वाटलेलं आहे, आणि त्यासाठी फी अडीच हजार झाली आहे. ती एका कुटुंबाला परवडेना. त्यांच्यासाठी वेगळा निधी ठेवायचा की फी उत्पन्नाप्रमाणे ठरवायची, यावर गटाची पुढची बैठक आहे. उत्पन्नाप्रमाणे ठरवावी असं मी त्यांना लिहून कळवलं आहे, कारण निधी मागायला त्या आईला दर वर्षी सगळ्यांसमोर हात पसरावा लागेल.